करवंदाचं खळं

मला वासावरून जंतू ओळखता येतात. लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट कुणी काढली की शेजारची बाई आपलं ताट हळूच पलीकडे सरकवते, म्हणून मी होऊन कधी सांगत नाही. पण नाशिकच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून बत्तीस वर्षं काढल्यावर नाक तयार होतंच. सकाळी ऊबपेटीचं, म्हणजे इनक्युबेटरचं, दार उघडलं की आत रात्रभर काय वाढलंय ते डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. एकाला आंबलेल्या पिठाचा वास, एकाला संडासाचा, एकाला ओल्या मातीचा.

आणि एकाला द्राक्षांचा. स्युडोमोनास त्याचं नाव. नाशिककरांना हा वास समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षांच्या हंगामात निफाडकडे जाताना एसटीची खिडकी उघडली की जो येतो तोच, फक्त थोडा शिळा. तो जंतू प्लेटवर उगवला की आमच्याकडे म्हणायचे, "आज निफाडकर आलेत." निफाडच्या लोकांनी रागावू नये, माझं माहेर तिकडचंच आहे.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर घरच्यांनी सुचवलं की गमतीजमती लिही. त्या आहेतच. पण लिहायला बसले की हात एकाच गोष्टीकडे जातो, तेव्हा तीच सांगते. त्याआधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक काय झाली ते कळायचं नाही.

फळात जंतू मारण्याची ताकद आहे का, हे बघायचं काम. फळ आणायचं, धुवायचं, सुकवायचं किंवा वाटायचं, त्याचा अर्क काढायचा. मग त्या अर्कात काय काय आहे ते तपासायचं. ऐकायला मोठं वाटतं, पण निम्मी रसायनं स्वयंपाकघरातली ओळखीची असतात. कच्चं केळं लोखंडी विळीवर चिरलं की बोटं काळी पडतात ना, ते टॅनिन, म्हणजे तुरटपणा. आम्ही विळीऐवजी लोहाच्या क्षाराचा थेंब टाकायचो, अर्क काळानिळा झाला की वहीत "आहे" लिहायचं. रिठ्यासारखा फेस आला की सॅपोनिन. असं एकेक.

खरी परीक्षा त्यानंतर. चायना ग्रास घालून आपण जेली करतो, तीच वस्तू आम्ही काचेच्या थाळीत ओततो. तिच्यावर जंतू सारवायचे, अगदी अंगण सारवतात तसे, कुठे कोरं राहता कामा नये. मग त्या जेलीत चार-पाच छोटे खड्डे पाडायचे, गोल, शर्टाच्या बटणाएवढे. एकात अर्क, एकात तोच अर्क पातळ करून, एकात दवाखान्यातलं नेहमीचं औषध, आणि एक खड्डा कोरा, म्हणजे त्यात नुसतं पाणी. थाळी ऊबपेटीत ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते, पण जिथे औषधाने काम केलं तिथे खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. पट्टी लावून ते मोजायचं. कोऱ्या खड्ड्याभोवती काही दिसता कामा नये. दिसलं तर आपलंच काहीतरी चुकलंय. तो कोरा खड्डा म्हणजे आमचा साक्षीदार.

मी मुळात काळजीखोर. घराला कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ते ओढून बघणारी. अशा बाईला ही नोकरी मिळाली म्हणजे आगीत तेल. ऊबपेटी सदतीस अंशांवर आहे ना, काचेची भांडी निर्जंतुक करायच्या कुकरची शिट्टी झाली ना, स्पिरिटचा दिवा विझवला ना. पुढे लोडशेडिंग सुरू झालं आणि माझ्या जिवाला घोर लागला. दिवसाचे चार-चार तास वीज नाही, ऊबपेटी गार पडणार, जंतू रुसणार. शेवटी मी घरून एक जुनी गोधडी आणली आणि वीज गेली की ऊबपेटीवर घालू लागले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकदा विचारलं, "हे काय?" आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते म्हणाले, "बाईंचं बाळ आहे, झोपलंय."

गिऱ्हाइकंही एकेक यायची. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी अर्धी गोणी कांदे घेऊन आले आणि म्हणाले, "याच्या रसाने समदे जंतू मरतात, तेवढं कागदावर लिहून द्या." विंचूरकडून एक जण वाइन गाळून उरलेल्या द्राक्षबियांचं पोतं घेऊन आला. नोनी नावाच्या फळाच्या रसाची नाशकात घरोघर लाट आली होती, तेव्हा टाय लावलेला एक तरुण बाटली घेऊन आला. आम्ही तपासून त्याला सांगितलं की वर्तुळ पडतं, पण लिंबाच्या रसाचंही एवढंच पडतं. तो बाटलीचं बूच घट्ट करत म्हणाला, "मॅडम, लिंबाचं लिहू नका."

हे लिंबाचं प्रकरणच माझ्या गोष्टीचं मूळ आहे. जंतूंना आंबट सोसत नाही. कोणतंही आंबट फळ थाळीत घाला, वर्तुळ पडतंच. ते औषधाचं नाही, आंबटपणाचं. अंगावर लावलं की शरीर तो आंबटपणा घटकेत मारून टाकतं आणि मागे काहीच उरत नाही. म्हणून सरांचा नियम होता. कोणत्याही फळाचा अर्क आला की आधी लिटमसचा कागद बुडवायचा, तो लाल झाला तर सोड्याचं पाणी थेंब थेंब घालून आंबटपणा काढायचा आणि मगच खड्ड्यात भरायचं. त्यासाठी नोंदवहीत रकाना होता, "आंबटपणा काढला". त्यात हो किंवा नाही लिहायचं.

आता कबूल करते. हे काम मी इतकी वर्षं इतक्या इमानाने केलं की वहीचं पान आखतानाच त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "हो" लिहून ठेवत असे. अर्क यायच्या आधीच हो. करणारच आहे ना मी, मग लिहायला काय हरकत आहे. कुलूप दोनदा ओढून बघणारी मी, पण या रकान्याची काळजी मला कधी वाटली नाही.

चिंतामण भोये आमच्याकडे येऊ लागले ते सरांच्या रानफळांच्या कामासाठी. पेठच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर त्यांचं घर. भात आणि नागलीची शेती, उन्हाळ्यात इकडे द्राक्षबागांत मजुरी. कोणतं फळ कुठल्या उतारावर कधी धरतं ते त्यांना पाठ. भोकर, टेंभुर्णी, आवळा, बेहडा, करवंद, सरांनी नाव घ्यायचा अवकाश, पुढच्या मंगळवारी फडक्यात बांधून हजर. पन्नाशीचे असतील, बारीक, ताठ. त्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तू. आमच्या सरांना कुणी "तू" म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडावर पदर धरून भांडारघरात गेले. मला मात्र ते बाई म्हणायचे, आणि पुढे तू. मला ते माहेरच्यासारखं वाटायचं.

दोन हंगाम असे गेले. त्यांनी आणलेल्या फळांचं काय होतं ते बघायला ते हळूहळू आत येऊ लागले. थाळीतलं वर्तुळ पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती उजेडाकडे धरून म्हणाले, "हे तं खळं हाय. चांदाला पडतं तसं." मग आम्हीही त्याला खळंच म्हणू लागलो.

एका मार्चच्या अखेरीस ते आले तेव्हा फडक्यात फळं नव्हती, एक छोटा डबा होता. आत हिरवट तपकिरी लगदा. म्हणाले, "बाई, हे सरांचं नाय. हे माझं हाय. कच्ची करवंदं वाटून, शिजवून केलं. आमचा बाप जखमेला हेच लावायचा."

"कोणाला काही लागलंय का?" मी विचारलं.

"यमुनाच्या पायाला." यमुनाबाई म्हणजे त्यांची बायको. भात लावताना अंगठ्याला कसलीशी काडी लागली होती, ती जखम सात-आठ महिने भरत नव्हती. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तर साखर निघाली. दर आठवड्याला मलमपट्टी, गोळ्या, सुया. पाड्यावरून पेठ, पेठवरून नाशिक, दुखऱ्या पायाने. "तिकडचं करतो, आन हेबी लावतो," ते म्हणाले. "कंचं लागू पडतं ते कळत नाय. तू बघून सांग."

मी लगद्याचा अर्क गाळला आणि सवयीने लिटमसचा डबा काढला. कागद लालभडक झाला. सोड्याच्या बाटलीकडे हात नेला तेव्हा चिंतामण जवळ आले.

"त्यात काय टाकते?"

"सोड्याचं पाणी. आंबटपणा काढायला."

"काय मिसळू नको, बाई. माझं जसं हाय तसं पाह्य. मिसळल्यावर ते माझं औषध राहील का?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण दोन हंगामांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. चारची पेठची गाडी गाठायची म्हणून ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, आणि खड्डा भरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी मनात म्हटलं, हे काही सरांच्या कामातलं नाही, यांच्या समाधानासाठी आज असंच भरू, उद्या सोडा घालून परत करू. बाटली होती तिथे ठेवली. अर्क तसाच भरला. कोऱ्या खड्ड्यात नेहमीसारखं साधं पाणी. ते समाधानाने गेले.

दुसऱ्या दिवशी थाळी बघितली. एवढं मोठं वर्तुळ मी रानफळाचं तोवर पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या औषधाच्या वर्तुळाला भिडेल एवढं. तेवढ्यात सर आले, त्यांनीही पाहिलं, वहीत बघितलं. रकान्यात "हो" होतं. "वा," म्हणाले, "करवंद पुढे न्यायला पाहिजे." मी तोंड उघडलं होतं, पण परीक्षेची प्रात्यक्षिकं सुरू होती, दारात विद्यार्थ्यांची रांग होती, आणि मग वीज गेली. मी गोधडी आणायला धावले. सोडा घालून परत करायचं राहून गेलं. मनातल्या मनात मीही त्या रकान्यावर विश्वास ठेवला असावा.

पुढच्या मंगळवारी चिंतामण आले. शीतपेटीतून थाळी काढून मी त्यांच्यासमोर धरली. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे दवाखान्याचं?" त्यांनी एका वर्तुळावर बोट ठेवलं.

"हो."

"आन हे माझं?"

"हो. चांगलं काम करतंय तुमचं औषध."

हे वाक्य मी बोलले. शब्द न् शब्द आठवतो. बोलताना मला फार बरं वाटलं होतं हेही आठवतं. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी दिलंय याचा अभिमान वाटला. डबा काखेत मारून जाता जाता ते म्हणाले, "मंग आता येवढ्या खेपा कशाला मारायच्या." मी विद्यार्थ्यांच्या थाळ्या मोजत होते. ऐकलं आणि मोजणी चुकू नये म्हणून मान हलवली.

तीन आठवड्यांनी सरांनी करवंद परत लावायला सांगितलं. आमच्याकडे त्यांच्याच डब्यातला लगदा शीतपेटीत राखून ठेवलेला होता. या वेळी अडवणारं कोणी नव्हतं, हात सवयीने चालला. लिटमस, सोडा, खड्डा. सकाळी ऊबपेटी उघडली तर करवंदाच्या खड्ड्याच्या काठापर्यंत जंतूंची साय. कोऱ्या खड्ड्यात आणि त्यात काडीचा फरक नाही.

मी दोन्ही थाळ्या शेजारी ठेवून बसून राहिले. आठवू लागले, चिंतामण शेवटचे कधी आले? तीन मंगळवार झाले होते. दोन हंगामांत असा खाडा कधी नव्हता. आणि मग त्यांचं ते खेपांचं वाक्य कानात वाजू लागलं. कुठल्या खेपा? आमच्याकडच्या नक्कीच नाहीत.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. सोडा घातला नव्हता ते, आणि रकान्यात आधीच "हो" लिहिते तेही. मग वही ओढून त्यांनी करवंदाच्या ओळीवर रेघ मारली.

"झालं," म्हणाले. "छापायला गेलं नव्हतं हे नशीब."

"सर, पण चिंतामणनी बायकोचं दवाखान्याचं बंद केलं असलं तर?"

"बाई, आपण औषध देत नाही. आपण फक्त तपासतो."

"मी 'चांगलं काम करतंय' म्हणाले त्यांना."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मोबाईल आहे का त्यांच्याकडे?" त्या काळात त्या पाड्यावर कुणाकडेच नव्हता. "मग जाऊन या उद्या," ते म्हणाले, "रजा टाकू नका, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळची पेठची गाडी पकडली. एप्रिल संपत आला होता, घाटात डोंगर करपलेले, मधूनच करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या. गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी प्रत्येक थांब्यावर मनात एकेक गोष्ट सांगत होते. त्यांनी दवाखाना सोडला नसेल. सोडला असला तरी पाय बरा असेल. बरा नसला तरी थोडंच वाढलं असेल. देवाशी असा सौदा करायची माझी जुनी खोड आहे. ऊबपेटीचा काटा बघायला जातानाही मी हेच करत असे. पण काटा परत सदतीसवर आणता येतो.

पेठला उतरून जीप, जीप सोडून पाऊण तास पायी. पाड्यावर घर सापडायला वेळ लागला नाही. चिंतामण अंगणात कुडाच्या भिंतीला माती लावत होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की आल्याचं कारण सांगणं मी पुढे ढकललं. "बाई आली, यमुना, कालेजातली बाई आली," म्हणत त्यांनी खाट ओढली, पाणी आणलं.

"मंगळवारी आला नाहीत," मी म्हटलं.

"हिचा पाय जड झालाय. उठवत नाय. मंग पाणी, सरपण, समदं मलाच." आणि हसून म्हणाले, "पन औषध दोन येळा लावतो. तू बोललीस तव्हापून दवाखाना बंद."

यमुनाबाई आत, दाराजवळच्या चटईवर बसल्या होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. पायाला सुती फडकं गुंडाळलेलं. मी वाकून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. घरात चुलीचा धूर होता, शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास होता, आणि त्या सगळ्याच्या वर द्राक्षांचा वास होता.

त्या पाड्याच्या आसपास मैलोगणती द्राक्षं नाहीत.

फडकं सोडायला लावलं. लगद्याखाली अंगठा काळा पडला होता, शेजारची बोटं सुजून चकाकत होती आणि फडक्यावर हिरवट डाग होता. आमच्या थाळीत मी जे जंतू सारवले होते त्यांत हा द्राक्षांच्या वासाचा जंतू नव्हताच. म्हणजे ते वर्तुळ खरं असतं तरी या पायाबद्दल त्याने काहीच सांगितलं नसतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असणं आणि त्या माणसासमोर आठवणं यात फार अंतर आहे.

"दुखतं का?" मी विचारलं.

"नाय," यमुनाबाई म्हणाल्या. "आधी दुखायचं. आता काय कळत नाय."

दुखत नाही म्हणजे आतलं मेलंय, हे कळून मला रडूच फुटलं. चिंतामण गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना तिथेच, दारात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते खळं करवंदाच्या औषधाचं नव्हतं, आंबटपणाचं होतं. लिंबू पिळलं असतं तरी तेवढंच पडलं असतं. सोडा घालून परत बघितलं तर काही नाही. तो सोडा त्याच दिवशी घालायला हवा होता, तुम्ही नको म्हणालात तरी. नंतर बोलले तेही न बोलण्यासारखं होतं. चूक माझी.

ते भिंतीवरची ओली माती बोटाने सारखी करत राहिले. मग म्हणाले, "मी नको म्हणालो तं तू ऐकलंस कशाला? डॉक्टर ऐकतो का?"

मी आत जाऊन यमुनाबाईंचं फडकं परत बांधलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.

खाटेला दोन बांबू बांधून चार जणांनी यमुनाबाईंना सडकेपर्यंत आणलं. काळीपिवळी जीप अर्धी रिकामी होती, तरी माणसं भरल्याशिवाय निघेना. मी त्या ड्रायव्हरवर अशी ओरडले की कॉलेजातल्या कुणी ऐकलं असतं तर ओळखलं नसतं. नाशिकला सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शस्त्रक्रिया केली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. पाय वाचला.

बाहेर आलेल्या तरुण सर्जनना मी गाठलं. आमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे. विचारलं, "महिनाभर आधी, दवाखाना न सोडता येत राहिले असते, तर बोटं वाचली असती?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित वाचली असती. कदाचित तरीही गेली असती. साखर फार होती."

मला "हो" किंवा "नाही" हवं होतं. आमच्या थाळीत सांगता येतं, शेजारी कोरा खड्डा असतो, त्याच्याकडे बघून ताडून घेता येतं. यमुनाबाईंचा दुसरा असा पाय नव्हता, ज्याला मी "चांगलं काम करतंय" म्हटलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर राहतो. लोक म्हणतात, तुम्ही गेलात म्हणून पाय वाचला. तेही खरं असेल. मी ते ऐकून घेते आणि मला बरं वाटत नाही.

त्या महिन्यात मी रोज डबा घेऊन दवाखान्यात जात होते. चिंतामण डबा घ्यायचे, रिकामा धुऊन परत द्यायचे, फार बोलायचे नाहीत. यमुनाबाई तर माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवायच्या. मग ते दोघं घरी गेले आणि मंगळवार रिकामे जाऊ लागले. पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. रानफळांचं काम दुसऱ्या कुणाकडून तरी चाललं होतं. वहीतले रकाने मी आता आधी भरत नव्हते, एवढाच फरक. एकेक "हो" लिहिताना सोड्याची बाटली दुसऱ्या हातात धरून ठेवायची. विद्यार्थी हसायचे.

थंडी पडली होती त्या दिवसांत, एका मंगळवारी दारात चिंतामण उभे. मागे यमुनाबाई, काठी टेकत, पायात कापडाची घडी भरलेला पुरुषी बूट. मी उठले तर खुर्ची पडली. पाणी आणायला गेले आणि तांब्या न भरताच परत आले.

चिंतामणनी फडकं टेबलावर ठेवून गाठ सोडली. हिरडे होते.

"याचंबी औषध करतात आमच्यात," ते म्हणाले. "पायाला नाय लावायचं. पाय दवाखान्याचा. हे नुसतं पाहाचं हाय, खरं का खोटं." मग माझ्या हातापुढे त्यांनी सोड्याची बाटली सरकवली. "आज काय मिसळायचं ते समदं मिसळ. गाडी गेली तं गेली, इथं बहिणीकडं राहू."

आम्ही तिघांनी मिळून ते केलं. मी हिरडे फोडले, कुटले, भिजत घातले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. अर्क गाळला, लिटमस बुडवला, सोडा घातला, कागद निळसर होईपर्यंत थेंब मोजले. चिंतामण थेंब मोजताना ओठ हलवत होते. या वेळी कोऱ्या खड्ड्यातही तेवढंच सोड्याचं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी थाळी काढली. हिरड्याभोवती वर्तुळ होतं. मोठं नव्हतं, पण होतं. कोऱ्याभोवती काही नव्हतं.

थाळी दोघांच्या मधे धरली. चिंतामण माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जिभेवर जुनंच वाक्य आलं होतं. ते गिळलं.

"या थाळीत, या एका जंतूवर चालतं," मी म्हटलं. "माणसाच्या अंगावर काय होईल ते मला माहीत नाही. ते डॉक्टरनी बघायचं."

चिंतामणनी मान हलवली. यमुनाबाई इतका वेळ काठीवर हनुवटी टेकवून स्टुलावर बसल्या होत्या. मी त्यांना बोलताना फारसं ऐकलंच नव्हतं. रागाने नाही, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज त्या म्हणाल्या, "हे तव्हाच बोलली असतीस तं, बाई."

मी हो म्हटलं. मग वही ओढून त्या दिवसाची ओळ भरली.